पुढचा बस्ताही आपल्याच दुकानात बांधला जावा म्हणून

बेळगावच्या शहापुरातलं आमचं साड्यांचं दुकान मामंजींनी उभं केलं, आता गादीवर मी बसते. बेळगावात बस्ता बांधायला खानापूर, चंदगडकडची माणसं येतात, गोव्याची येतात. थोरलीचा बस्ता आपल्याकडे बांधला तर धाकटीचाही यावा, ही प्रत्येक दुकानदाराची आस. पण मध्ये चार-पाच वर्षं जातात. तेवढ्यात भाव सगळे विसरतात. साडी नेसताना काय अडलं ते मात्र बायका विसरत नाहीत. म्हणून नवीन दुकान टाकणाऱ्यांना मी सांगते, गिऱ्हाईक मागत नाही पण घरी गेल्यावर त्याला अडणार आहे, ते आधीच करून द्या.

सुरुवात फॉलपासून करा. सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच लावा. कोरा फॉल पहिल्या धुण्यात आटतो, मग साडीचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो. कितीही इस्त्री फिरवा, निऱ्या नीट पडत नाहीत. हे मी माझ्याच चुकीतून शिकले. लग्नसराईच्या घाईत एका घरच्या १२ साड्यांना न भिजवताच फॉल लावून दिले. भांडायला कुणी आलं नाही. दोन वर्षांनी त्याच बाई दुसऱ्या दुकानाच्या पिशव्या घेऊन समोरून गेल्या. हसल्या, पण पायरी चढल्या नाहीत. अजून सलतं ते. तेव्हापासून मागच्या मोरीत फॉलची बादली कायम भरलेली असते.

ब्लाउजपीस साडीतच असेल तर कात्री लावण्याआधी विचारा. अंगानं भरलेल्या बाईला पुष्कळदा सलग साडीच हवी असते, आणि एकदा कापलं की जोडता येत नाही.

रंग दारात नेऊन दाखवा. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला मोरपंखी मांडवात वेगळाच दिसला तर ठपका दुकानावरच येतो. आषाढात दाराशीही उजेड नसतो. तेव्हा तसं स्पष्ट सांगा आणि बदलून द्यायची तयारी ठेवा.

इरकलच्या लाल पदराबद्दल तर बोलाच. रंग सुटण्याची शक्यता असते, म्हणून पहिल्यांदा गार पाण्यात वेगळी धुवा, असं चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवा. मी चिठ्ठी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहून ठेवलीय. बोलतानाही तेच. बाई ज्या भाषेत आत येईल त्या भाषेत तिला बसवा. ‘या, बसा’ जितक्या मायेनं म्हणता तितक्याच मायेनं ‘बर्री, कुंदर्री’ म्हणा. सीमाभागात हे दोन शब्द खूप काम करतात. पाणी आधी घरातल्या आजीला द्या. पैसे दुसरं कुणी मोजत असलं तरी.

शेवटची गाडी किती वाजता, हे साड्या उलगडण्याआधी विचारायचं. खानापूरच्या आतल्या वाडीची एसटी चुकली तर सुनेच्या शालूपेक्षा स्टँडवरची ती रात्रच आठवत राहते. वेळ कमी असेल तर फॉल-पिको नंतर करा आणि त्या गावच्या कुणा ओळखीच्याबरोबर साड्या पाठवा.

एक वही ठेवा. गाव, कुणासाठी काय घेतलं, कुणाला कुठला रंग चालत नाही, एवढंच. पुढच्या खेपेला गिऱ्हाईक बसतंय तोवर पान काढून बघा.

पर्स, डबे अशा भेटवस्तूंवर माझा फारसा विश्वास नाही. त्यांचा खर्च साडीच्या भावातच चढतो, आणि बायकांना ते कळतं.

आणि कुणी पदराचे गोंडे सुटलेली जुनी साडी घेऊन आलं, तर ती आपल्या दुकानातली आहे का, असं विचारू नका. दोरा जुळवा आणि बांधून द्या.