प्रोसेसर कम्पेअर करताना गिगाहर्ट्झ आणि बस स्पीड कसे वाचायचे

सेकंडहँड पीसीच्या जाहिराती बघितल्या तर निम्म्या जणांनी एवढंच लिहिलेलं असतं, "कोअर आय५, ३.२ गिगाहर्ट्झ, ८ जीबी रॅम". आता गंमत बघा, आय५-६५० हा २०१० चा प्रोसेसर ३.२ चा, २०१२ चा आय५-३४७० पण ३.२ चा, २०१३ चा ४५७० पण ३.२ आणि २०१५ चा ६५०० पण ३.२ च. पहिल्यात दोनच कोअर (म्हणजे आतले काम करणारे स्वतंत्र भाग) आहेत, बाकी तिघांत चार. म्हणजे त्या एका ओळीवरून तुम्हाला कुठला मिळणार हे कळतच नाही, म्हणून सगळ्यात आधी विकणाऱ्याला पूर्ण मॉडेल नंबर विचारायचा आणि तो सांगत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

क्लॉक स्पीड म्हणजे काय तर प्रोसेसरचे एका सेकंदातले ठोके, ३.२ गिगाहर्ट्झ म्हणजे ३२० कोटी. पण एका ठोक्यात काम किती उरकतं ते प्रत्येक डिझाइनमध्ये वेगळं असतं. लहान पोरगं बापाबरोबर चालताना भराभर पावलं टाकतं पण बाप एका पावलात तेवढंच अंतर कापतो, तसं. पेन्टियम ४ हे त्या पोराचं उदाहरण. इंटेलने गिगाहर्ट्झचा आकडा वाढवायच्या नादात त्याची पाइपलाइन, म्हणजे एक काम ज्या टप्प्यांतून जातं ती साखळी, लांबवत नेली, प्रेस्कॉट या त्याच्या नंतरच्या आवृत्तीत ती ३१ टप्प्यांची झाली, ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गाडी गेली आणि चिप एवढी तापायला लागली की ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल २००४ मध्ये रद्दच करावं लागलं. मग २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला आणि त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या ई६६०० ने त्या ३.८ वाल्याला आरामात मागे टाकलं. इंटेलचे स्पर्धक एएमडीवाले तर त्याच्या आधीपासून अॅथलॉन एक्सपीवर गिगाहर्ट्झ छापायचेच नाहीत, १.८३ गिगाहर्ट्झच्या चिपला २५००+ नाव द्यायचे. तेव्हा लोक हसायचे पण त्यांचं बरोबर होतं.

त्यामुळे नियम एकच धरा, गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीच्या, एकाच फॅमिलीच्या आणि तेवढेच कोअर असलेल्या प्रोसेसरमध्ये करायची. तिथे तो आकडा खरा बोलतो. बाकी ठिकाणी नाही.

आता बस स्पीड. बस म्हणजे प्रोसेसर आणि बाकी भागांमधला डेटा जायचा रस्ता. इथे आधी ठरवा की मशीन जुनं आहे का नवं, कारण दोन्हीकडे बस म्हणजे वेगळीच गोष्ट आहे.

जुनं म्हणजे ७७५ सॉकेटवालं (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा), पेन्टियम ४, पेन्टियम डी, कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाड. यांच्यात रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसतो, मदरबोर्डवरच्या चिपसेट नावाच्या चिपमध्ये असतो, त्यामुळे रॅममधून येणारा सगळा डेटा फ्रंट साइड बस (एफएसबी), म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या रस्त्यावरूनच येतो. स्पेसिफिकेशनमध्ये ८००, १०६६, १३३३ असे जे आकडे असतात ते चौपट करून लिहिलेले असतात, खरं क्लॉक २००, २६६, ३३३ मेगाहर्ट्झ. सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघा, ई८४०० असेल तर बस स्पीड ३३३, मल्टिप्लायर ९ आणि रेटेड एफएसबी १३३३ दिसेल. ३३३ ला ९ ने गुणलं की ३ गिगाहर्ट्झ. मशीन रिकामं बसलं असेल तर मल्टिप्लायर ६ वर येतो आणि २ गिगाहर्ट्झ दिसतं, लगेच फसवलं म्हणून दुकानदाराला फोन लावू नका, वीज वाचवायला तो स्वतःच खाली येतो.

बस आठ बाइट रुंद असते, म्हणून ८०० ची बस सेकंदाला ६.४ जीबी डेटा नेते आणि १३३३ ची साधारण १०.६. डीडीआर२-८०० रॅमची एकच काडी पण ६.४ च देते, म्हणजे ८०० च्या बसवर ड्युअल चॅनल करून, म्हणजे दोन काड्या जोडीने चालवून, रॅमचा वेग दुप्पट केला तरी बसमधून तेवढंच जाणार, फार फरक पडत नाही. हे कोणी सांगत नाही आणि लोक दुसरी काडी घेऊन येतात. अर्थात रॅमच कमी पडत असेल तर दुसरी काडी घ्याच, तो विषय वेगळा.

पण बसला फार डोक्यावर पण घेऊ नका. ई६५५० म्हणजे २.३३ गिगाहर्ट्झ आणि १३३३ बस, ई६६०० म्हणजे २.४ आणि १०६६, कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) दोघांत ४ एमबी. रोजच्या वापरात दोघांतला फरक तुम्हाला कळणार नाही. उलट ई४६०० पण २.४ चाच आहे पण बस ८०० आणि कॅश फक्त २ एमबी, तो ई६६०० च्या मागे पडतो. माझं मत विचाराल तर या जमान्याच्या चिप बघताना क्रम असा: फॅमिली, कोअर, क्लॉक, कॅश, मग बस. बसचा आकडा खरा कामाला येतो तो मदरबोर्डला. ९४५ चिपसेटचा बोर्ड असेल आणि तुम्ही १३३३ बसचा प्रोसेसर आणला तर बहुतेक वेळा मशीन चालूच होणार नाही, जी३१ ला १३३३ चालते पण तिथे पण बायॉस, म्हणजे बोर्डमधलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, जुनं असेल तर नवी चिप ओळखत नाही. म्हणून आधी बोर्डच्या कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्ट लिस्ट बघा आणि मगच पैसे द्या.

नव्या मशीनमध्ये हा सगळा हिशोब गेला. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ च्या पहिल्या कोअर आय७ पासून रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच घ्यायला सुरुवात केली. इंटेलच्या साइटवर अजून बस स्पीड लिहिलेलं दिसतं पण आय३-८१०० पुढे पण ८ जीटी पर सेकंद (सेकंदाला ८०० कोटी ट्रान्सफर) आणि आय७-८७०० पुढे पण तेच, कारण ती प्रोसेसर आणि चिपसेटमधली लिंक आहे, यूएसबी, साटा वगैरेसाठी. तो रकाना सरळ सोडून द्या. सीपीयू-झेडमध्ये पण बस बहुतेक १०० मेगाहर्ट्झच दिसणार, त्याने घाबरू नका.

त्याच्याऐवजी रॅम बघा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथे स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते येतं. दोन स्लॉटपैकी एकच भरलेला असेल तर रॅम बहुतेक सिंगल चॅनलवर चाललीये, आणि प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरत असाल तर गेममध्ये याचा चांगलाच फटका बसतो.

लॅपटॉपमध्ये आणखी एक लफडं असतं, बेस म्हणजे नेहमीचा वेग आणि टर्बो म्हणजे गरजेला थोडा वेळ वाढणारा वेग. आय३-७१००यू वर २.४ लिहिलेलं असतं आणि आय५-८२५०यू वर १.६, म्हणून कित्येक जण आय३ बरा समजतात. पण आय३ ला टर्बोच नाही आणि कोअर दोन, आय५ चार कोअरचा आणि ३.४ पर्यंत जातो. फक्त तो ३.४ वर टिकतो किती वेळ हे कूलिंगवर आहे, पातळ लॅपटॉपमध्ये जरा वेळाने खाली येणारच. म्हणून घेताना चार्जर लावून सीपीयू-झेडमधली स्ट्रेस टेस्ट दहा मिनिटं चालू ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये स्पीड बघत बसा. बेसच्याही खाली घसरला तर आत धूळ साचलीये किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळलीये, त्या हिशोबाने भाव पाडून मागा. आणि हो, विंडोज ११ लागणार असेल तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच बघा, वर सांगितलेले चारही ३.२ वाले आय५ त्याच्या अधिकृत यादीत नाहीत.