सिलिकॉनच्या साच्यात केक: तळ फिकट का राहतो, साचा चिकट का होतो

सिलिकॉनच्या साच्यातला पहिला केक बहुतेकांचा सारखाच निघतो. वरून रंग छान, खालून फिकट आणि कडेला किंचित ओलसर. कृतीत चूक नसते, साचाही वाईट नसतो. फक्त पत्र्याच्या टिनासाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी सिलिकॉनमध्ये ओतलेली असते.

पत्रा ओव्हनमधली उष्णता पटकन ओढून मिश्रणाला देतो. सिलिकॉन ती अडवून धरतं. त्यामुळे कडा आणि तळ उशिरा तापतात, उशिरा घट्ट होतात आणि त्यांना रंग कमी येतो. याचा फायदाही आहे: कडा लवकर आवळत नसल्यामुळे केक सगळीकडून सारखा वर येतो, मध्ये टेंगूळ कमी येतं आणि कडा करपत नाहीत. साच्याचा दुसरा गुण म्हणजे लवचीकपणा. केक सुटतो तो त्यामुळेच, आणि भरलेला साचा उचलताना मिश्रण सांडतं तेही त्यामुळेच.

म्हणून काय भाजायचं ते आधी ठरवावं. मफिन, कपकेक, मऊ स्पंज, ब्राउनी, वाफेवरचं कस्टर्ड, फ्रीझरमध्ये घट्ट करायचं मूस, जेली, चॉकलेट यांना सिलिकॉन उत्तम. ज्या पदार्थाची मजाच खरपूस कवचात आहे, म्हणजे पाव, पिझ्झा, पायचा खुसखुशीत तळ, त्याला पत्रा किंवा बीडाचं भांडंच हवं. सिलिकॉनमध्ये भाजलेला पाव खाण्याजोगा होतो, पण त्याचं कवच मऊच राहतं. वेळ वाढवून फारसं काही साधत नाही, आतला भाग मात्र कोरडा पडतो.

साचा घेताना

वेष्टनावर दोन गोष्टी पाहाव्यात: तापमानाची मर्यादा आणि सिलिकॉनचा प्रकार. बेकिंगच्या साच्यांवर साधारणपणे उणे ४० ते २३० अंश सेल्सिअस असं काहीतरी लिहिलेलं असतं. काहींची वरची मर्यादा २२० असते, काहींची २५०. जो आकडा लिहिला असेल तोच आपल्या साच्याचा. ‘प्लॅटिनम क्युअर्ड’ लिहिलेला साचा मिळाला तर तो घ्यावा. पेरॉक्साइड वापरून घट्ट केलेल्या सिलिकॉनमध्ये त्या प्रक्रियेचे अवशेष राहू शकतात, प्लॅटिनमच्या पद्धतीत ती अडचण नसते.

नव्या साच्याला रबरासारखा उग्र वास येत असेल तर दुर्लक्ष करू नये. चांगल्या कारखान्यात साचे तयार झाल्यावर साधारण २०० अंशांवर काही तास भाजतात, म्हणजे आत अडकलेले लहान, उडून जाणारे रेणू निघून जातात. असे उडून जाणारे पदार्थ २०० अंशांवर ४ तास तापवल्यावर ०.५ टक्क्याहून जास्त निघू नयेत, अशी जर्मनीच्या बीएफआर या जोखीम मूल्यमापन संस्थेची शिफारस आहे. डी४, डी५, डी६ या नावांनी ओळखले जाणारे वलयाकार सिलोक्सेन, म्हणजे सिलिकॉन बनवताना मागे उरणारे लहान रेणू, याच गटातले, आणि युरोपियन केमिकल्स एजन्सीने २०१८ मध्ये त्यांना अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलं. घरच्या घरी इतकं करावं: साचा गरम साबणाच्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा, मर्यादेच्या आतच २०० अंशांवर तासभर रिकामा तापवावा, खिडकी उघडी ठेवावी, पुन्हा धुवावा. तरीही वास राहिला तर साचा परत करावा.

साचा चिमटीत धरून मुरडायचा आणि पांढरी रेघ उमटली तर त्यात भेसळ समजायची, ही चाचणी सगळीकडे सांगतात. तिला इशारा समजावं, पुरावा नव्हे. गडद रंगाच्या साच्यांत ती सहज फसवते.

मिश्रण किती घालायचं

सिलिकॉनच्या साच्यांचे आकार चित्रविचित्र असतात, त्यामुळे ‘८ इंची टिन’ वाचून अंदाज बांधता येत नाही. साचा ओट्यावर ठेवून मापाच्या भांड्याने त्यात काठोकाठ पाणी भरावं आणि किती मिलीलिटर मावलं ते पाहावं. २० सेंटीमीटर व्यासाच्या, ५ सेंटीमीटर खोल गोल साच्यात साधारण दीड लिटर मावतं. मिश्रण त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १ लिटर. मफिनच्या वाट्याही दोन तृतीयांश, फार तर पाऊण भराव्यात. आकडा एकदा मोजला की मार्करने साच्याच्या डब्यावर लिहून टाकावा, दर वेळी पाणी ओतायला नको.

लांबट लोफच्या साच्यात जड मिश्रण घातलं की बाजू बाहेर फुगतात आणि केक पोट सुटल्यासारखा दिसतो. अशा वेळी साचा त्याच मापाच्या पत्र्याच्या टिनात बसवावा, किंवा काठाला तारेची कड असलेला साचाच घ्यावा. सुट्या वाट्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात. मफिनच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये बसवल्या तर त्याहून बरं.

भाजण्याची पद्धत

साचा आधी ट्रेवर ठेवायचा आणि मगच भरायचा. हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. शक्यतो भोकांचा ट्रे किंवा तारेची जाळी वापरावी, म्हणजे गरम हवा तळाला थेट लागते. जाडजूड सपाट ट्रे तळाच्या आड येतो. एक तर सिलिकॉन मंद, त्यात खाली गार लोखंड. फिकट तळाची निम्मी तक्रार इथेच सुरू होते.

पहिल्या काही वेळा, आणि नक्षीदार साच्यात दर वेळी, वितळलेलं लोणी किंवा तेल ब्रशने अगदी पातळ लावावं. बोट फिरवल्यावर चकाकी दिसली तरी ओघळ दिसू नये. वरून मैदा भुरभुरवू नये, तो खाचांत लगदा होऊन बसतो. आणि डब्यातला कुकिंग स्प्रे तर अजिबात नको. त्यातलं लेसिथिन भाजून भाजून असा चिकट थर धरतं की तो साबणाने हलत नाही.

मिश्रणातली हवा काढायला साचा ओट्यावर आपटून उपयोग नाही, तो धक्का स्वतःच गिळतो. त्याऐवजी लाकडी काडी मिश्रणात नागमोडी फिरवावी. नक्षीदार साच्यात आधी दोन चमचे मिश्रण ब्रशने खाचांत भरावं आणि मग बाकीचं ओतावं. नाहीतर टोकं बोडकी निघतात.

तापमान कृतीत दिलं असेल तेच ठेवावं. १८० अंश म्हणजे १८०. ट्रे ओव्हनच्या मधल्या किंवा त्याच्या एक घर खालच्या खाचेत ठेवावा. वेळ मोठ्या केकला ५ ते १० मिनिटं जास्त लागू शकते, छोट्या मफिनला २-३ मिनिटं. कृतीतली वेळ संपताच तपासायला लागावं. मधोमध खुपसलेली काडी कोरडी यायला हवी. थर्मामीटर असेल तर साध्या केकच्या पोटात ९६ ते ९९ अंश पुरेत. वरचा रंग पाहून केक बाहेर काढण्याची सवय असेल तर ती इथे फसवेल, कारण वरचा भाग उघड्या हवेत भाजतो आणि खालचा सिलिकॉनच्या पांघरुणात.

ग्रिल किंवा ब्रॉइलर चालू असताना सिलिकॉन आत नको. ओव्हनचा काटा २०० दाखवत असला तरी लाल झालेल्या कॉइलजवळ तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. छोट्या ओटीजीत साचा वरच्या आणि खालच्या दोन्ही कॉइलपासून दूर, मधोमध राहील असं पाहावं. गॅसच्या आचेवर किंवा तव्यावर साचा कधीच ठेवू नये. मायक्रोवेव्हमध्ये चालतो, पण तारेची कड असलेला साचा तिथे नको.

केक सोडवणं

ही घाईची जागा नाही, पण विसरून जाण्याचीही नाही. केक बाहेर आला की ट्रेसकट जाळीवर ठेवावा. मोठा केक १० ते १५ मिनिटं, मफिन ५ मिनिटं. लगेच सोडवला तर आतला भाग अजून वाफेने मऊ असतो आणि केक मोडतो. पूर्ण गार होऊ दिला तर वाफ साच्यात कोंडते आणि कडा चिंब होतात. सिलिकॉन हाताला लवकर कोमट लागतं, आतला केक मात्र गरमच असतो. हाताच्या अंदाजावर जाऊ नये.

मग चारही बाजूंनी काठ अलगद बाहेर ओढावा. केक आणि साचा यांच्यात हवा शिरते आणि पापुद्रा सुटल्यासारखा बारीक आवाज येतो. वर जाळी धरून सगळं उलटं करावं आणि साचा मोज्यासारखा खालून वर सोलत न्यावा. कुठे अडलं तर त्या जागी बाहेरून बोटाने दाबावं. सुरी घालायची नाही. सिलिकॉनला एक बारीक काप गेला की तो तिथूनच फाटत जातो.

मूस किंवा जेलीसारखे थंड पदार्थ मात्र पूर्ण गोठल्यावरच सोडवावेत. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये रात्रभर. अर्धवट गोठलेल्या मूसची टोकं साच्यातच राहतात.

मॅट, स्पॅच्युला, ब्रश

बेकिंग मॅटच्या आत काचतंतूंची जाळी असते. म्हणून तिच्यावर पिझ्झा कापायचा नाही, कुकी कटर दाबून फिरवायचा नाही आणि घडीही घालायची नाही. गुंडाळून ठेवावी. तिला तेल लावायची गरज नसते. लावलं तर कुकीज जास्त पसरतात आणि कडा कागदासारख्या पातळ होतात. कुरकुरीत तळ हवा असेल तर बेकिंग पेपर बरा. कॅरमेल, चिक्की, साखरेच्या कलाकुसरीला मात्र या मॅटसारखं दुसरं काही नाही.

स्पॅच्युला सलग एका तुकड्याचा घ्यावा. दांड्यावर टोपीसारखं बसवलेलं डोकं असेल तर आत पाणी आणि मिश्रण शिरतं, आणि काही आठवड्यांनी डोकं काढून पाहिलं की काळी बुरशी दिसते. मिश्रण अलगद एकत्र करायला लवचीक पातं, कडक कणकेला किंवा भांडं खरवडायला ताठ पातं.

अंड्याचे पांढरे फेटताना सिलिकॉनचं भांडं टाळावं. सिलिकॉन स्निग्धता धरून ठेवतं, आणि तेवढ्या ओशटपणानेही फेस चढत नाही. काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्यावं.

सिलिकॉनचा ब्रश लोणी, मध, दाट ग्लेझ यांना चांगला. अंड्याचं पातळ पाणी त्याच्या जाड केसांत टिकत नाही, ओघळून पट्टे पडतात. नाजूक पेस्ट्रीला केसांचा मऊ ब्रशच लागतो.

चिकट झालेला साचा

धुतल्यावरही साचा बोटाला चिकटतो, त्यावर धूळ बसते, कडेला पिवळट डाग दिसतात. हे तेल आहे, दर वेळी तापून थोडं थोडं घट्ट होत गेलेलं. साधा साबण पृष्ठभागावरचं तेल काढतो, मुरलेलं नाही. साचा शक्य तितक्या गरम पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे जास्त थेंब टाकून, तासभर बुडवून ठेवावा. मग खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाट लेप करावा, तो सगळीकडे चोळून अर्धा तास ठेवावा, मऊ ब्रशने घासून धुवावा. छोटे साचे १० मिनिटं उकळत्या पाण्यात टाकले तरी चालतात. तारेची घासणी नको, तिच्या ओरखड्यांत पुढचं तेल आणखी घट्ट बसतं.

वास राहिला असेल, विशेषतः लसूण किंवा मसाल्याचा, तर धुतलेला कोरडा साचा १७५ अंशांवर २० मिनिटं रिकामा तापवावा. गोडासाठी आणि तिखटासाठी साचे वेगळेच ठेवले तर ही वेळच येत नाही. धुताना सुवासिक साबण कमी वापरावा, त्याचा वासही सिलिकॉन धरून ठेवतं आणि तो पुढच्या केकला लागतो.

पूर्ण वाळल्यावर साचे सपाट ठेवावेत, वर जड भांडी रचू नयेत. दबून वाकलेल्या साच्यात केकही वाकडाच होतो. चीर गेलेला, खरखरीत पांढरा पडलेला किंवा तापवल्यावर वास सोडणारा साचा टाकून द्यावा. मॅटच्या कडेतून काचेचे तंतू डोकावू लागले असतील तर त्याच दिवशी.