परतलेला रवा आठवड्यातून सातदा येतो: क्रिप्टिक कोडं सोडवायचं कसं

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे, पाणी किती वाजता जाणार, लिफ्ट बंद आहे, कोणाच्या तरी किल्ल्या सापडल्यात असलं लिहायला लावलेला. त्याच्या खालच्या कोपऱ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज सकाळी सातच्या आत खडूने एक ओळ लिहितात आणि शेवटी कंसात एक आकडा. मी कित्येक महिने ती ओळ न वाचताच खाली उतरत होते, मग एक दिवस लिफ्ट बंद म्हणून जिन्याने आले आणि ही ओळ दिसली:

परतलेला रवा आठवड्यातून सातदा येतो (२)

मला वाटलं कोणाच्या डब्याबद्दल तक्रार आहे. काकांना विचारलं तर म्हणाले, क्रिप्टिक आहे, दोन अक्षरी शब्द शोध. कोथरूडहून स्वारगेटला जाताना बसमध्ये सगळा वेळ मी शिरा, उपमा, लाडू, सांजा करत होते, आठवड्यातून सातदा येणारं काही सापडेना. संध्याकाळी शिऱ्यासाठी कढईत तूप घालून रवा टाकला, ढवळतेय, आणि बाहेरून आई म्हणाली, "रवा परतला का गं?" परतला. म्हणजे भाजला, आणि परतला म्हणजे माघारीपण आला! रवा माघारी आला तर, र-वा चं वा-र. आठवड्यातून सातदा येतो तो वार. मी गॅस बंद करून तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले.

काकांनी उत्तर ऐकून मान हलवली आणि म्हणाले, आता फोड सांग. आमच्याकडचा पहिला नियम तेव्हाच कळला: उत्तर आलं म्हणजे कोडं सुटलं असं नाही, क्लूमधला प्रत्येक शब्द तिथे कशासाठी बसलाय हे सांगता आलं की सुटलं. नवीन लोक इथेच घाई करतात म्हणून आधीच सांगून ठेवते.

साध्या शब्दकोड्यात नुसता अर्थ दिलेला असतो, "पाणी, तीन अक्षरी", आणि तुम्हाला सलिल आठवला तर आठवला. क्रिप्टिकमध्ये एकाच ओळीत उत्तराकडे जायच्या दोन वाटा असतात, एका बाजूला सरळ अर्थ आणि दुसऱ्या बाजूला अक्षरांचा खेळ, आणि दोन्हींकडून तोच शब्द यावा लागतो. अर्थ कायम ओळीच्या एका टोकाला, सुरुवातीला नाहीतर शेवटी, मध्ये कधीच नाही. वरच्या क्लूत "आठवड्यातून सातदा येतो" हा अर्थ, "रवा" हा माल आणि "परतलेला" ही खूण, म्हणजे मालाचं काय करायचं ते सांगणारा शब्द. अर्थ, माल, खूण, हे तीन शब्द पाठ करा, पुढची सगळी चर्चा याच भाषेत चालते.

म्हणून क्लू हातात आला की आधी त्या वाक्याचा जो सरळ अर्थ डोळ्यासमोर येतो तो बाजूला ठेवायचा. शिरा डोक्यातून काढायचा. कोडं घालणाऱ्याने ते चित्र मुद्दाम उभं केलेलं असतं, तुम्ही स्वयंपाकघरात अडकून राहावं म्हणून. मग दोन्ही टोकांना बोट ठेवून बघायचं, हा अर्थ असेल का, का तो, आणि उरलेल्या भागात खूण शोधायची. शाळेत श्लेष अलंकार शिकलोय ना आपण, जीवन म्हणजे पाणीपण आणि आयुष्यपण, तीच ही गंमत आहे, फक्त इथे परीक्षेत मार्क नाहीत.

आता खुणा. उलटला, परतला, माघारी, मागे फिरला असं काही दिसलं की शब्द उलटा वाचून बघा. "वडा उलटला की खेळ (२)", उत्तर डाव. इथे मराठीचा एक मोठा फायदा आहे, आपण अक्षर उलटवतो, मात्रा त्याच्याबरोबर जाते, डा चा डाच राहतो. शब्दकोड्याच्या चौकटीतपण तसंच, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं एका घरात.

गडबड, गोंधळ, विस्कटलं, ढवळलं, मोडलं असं असेल तर अक्षरांची जागा बदलायची. "गडबडीत विकता रचना (३)" घ्या. तीन अक्षरी उत्तर आणि "विकता" पण तीन अक्षरी, आकडा जुळला की संशय घ्यायचाच. वि, क, ता सुटी सुटी कागदावर गोलात लिहा, ओळीत लिहिली तर डोळा जुनाच शब्द वाचत राहतो. कविता आपोआप दिसते.

डोकं उडवलं, शेपूट कापलं, बिनबुडाचा अशा खुणांनी अक्षर गळतं. "कपाटाचं डोकं उडवून केलेलं आसन (२)", कपाटातला क गेला, पाट राहिला. कधी खूणच नसते, नुसते दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवलेले असतात, "प्रत्येक भाव (२)", दर. हे छोटे क्लू दिसायला सोपे आणि सुटायला सगळ्यात वाईट, कारण धरायला काहीच नाही. आणि कानाच्या खुणा, म्हणे, ऐकू आलं वगैरे, मराठीत कमीच सापडतात कारण आपण जसं बोलतो तसंच बहुतेक लिहितो, ऱ्हस्व-दीर्घावर थोडं काही जमतं: "कानावर गरीब, कागदावर दिवस (२)", दीन आणि दिन.

जोडकाम मात्र माझ्या सगळ्यात आवडीचं. शब्दाचे असे तुकडे करायचे की ज्यांचा मूळ शब्दाशी काही संबंध नाही. काकांचा एक क्लू मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय:

आईच्या आईचं रान मरेपर्यंत (४)

वाचल्यावर सातबारा, वारसाहक्क, भावाभावांची भांडणं सगळं दिसतं की नाही? आईची आई म्हणजे आजी, रान म्हणजे वन, आणि मरेपर्यंत म्हणजे आजीवन. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, आणि वाक्य कोणी तलाठ्यासमोर बोलावं इतकं खरं. चांगला क्लू ओळखायचा तो असा.

दडवलेल्या शब्दाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण इथे मराठी काहीतरी वेगळंच करते. इंग्रजीत "आत" सांगायला वेगळा शब्द लागतो, आपल्याकडे विभक्तीचा प्रत्ययच खूण होतो. "शनिवारवाड्यात शिऱ्याचं सामान (२)." नुसता त. शनिवारवाड्यात म्हणजे त्या शब्दाच्या पोटात बघ, शनिवा-र-वा-ड्यात, रवा! मी रोज त्या दरवाज्यासमोरून जाते आणि आता तो शब्द मला तसा अखंड दिसतच नाही. तर शब्दाला त लागलेला दिसला की थांबायचं. पण याच विभक्तीने त्रासपण होतो, वाड्याचं, वड्याला असं सामान्यरूप झालं की मालाचं अक्षरच बदलतं. आमच्यात ठरलंय की कपाटाचं मधून कपाट घेतलेलं चालेल कारण शेवटच्या अक्षराला नुसता काना लागतो, पण वड्याला लिहून वडा घ्या म्हणायचं नाही, म्हणून तर "वडा उलटला" असंच लिहायचं.

हे सगळं इंग्लंडकडून आलंय, तेही सांगायला हवं. शब्दकोडं म्हणून जे पहिलं धरतात ते आर्थर विन यांचं, २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये आलेलं, हिऱ्याच्या आकाराचं, पण त्यात नुसते सरळ अर्थ होते. हा वळणावळणाचा प्रकार पुढच्या दशकात ब्रिटिश पेपरांत वाढला, ऑब्झर्व्हरमध्ये १९२६ पासून टॉर्केमाडा या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी घालायचे, त्यांच्या जागी आलेल्या मॅकनटनी झिमेनीज नाव घेतलं. दोन्ही नावं स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची, म्हणजे लोकांचा छळ करणाऱ्यांची! झिमेनीजनी मात्र १९६६ च्या पुस्तकात सोडवणाऱ्याच्या बाजूने नियम घालून दिले, आणि ती परंपरा सांगते की क्लूत नेमका अर्थ हवा, रास्त खेळ हवा, आणि तिसरं काही नको. काका नोकरीत असताना दुपारच्या सुट्टीत द हिंदूचं क्रिप्टिक सोडवायचे, तिथून ही शिस्त त्यांच्या हातात आली. इंग्रजी चौकट साधारण पंधरा बाय पंधरा घरांची असते, आमच्या सोसायटीतल्या रविवारच्या कोड्याची नऊ बाय नऊ, कारण मराठी शब्द अक्षरांत मोजले की दोन ते पाचच्या पुढे फारसे जात नाहीत. पण छेदणारं एक अक्षर मिळालं की ते मात्रेसकट मिळतं, म्हणून अडलं की त्याच क्लूला डोकं लावत बसू नका, आडवं सोडून उभं बघा, एक ळी किंवा ठ्या हातात आला तर निम्मं काम होतं.

आता चर्चा कशी करायची, कारण एकट्याने सोडवण्यात निम्मीच मजा आहे. फळ्यावरचा क्लू रात्री नऊपर्यंत कोणी फोडायचा नाही, जिन्यात उत्तर बोलायचं नाही, सुटलं असेल त्याने क्लूखाली खडूने नुसता एक टिंब काढायचा. कोणी अडलं आणि मदत मागितली तर टप्प्याने द्यायची, आधी फक्त अर्थ कुठल्या टोकाला आहे ते, मग खूण कुठली ते, आणि अगदीच असेल तर एक अक्षर. सरळ उत्तर सांगून टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं आहे असं मला मनापासून वाटतं, त्या माणसाचा तो "अरे!" चा क्षण परत कधी येत नाही.

नऊनंतर फोड. ज्याने आधी सोडवलं त्याने सांगायचं, अर्थ हा, खूण ही, माल हा, आणि एकही शब्द उरला तर तो का उरला ते काकांना विचारायचं. इथे लाजायचं नाही. मी एकदा "सदाशिव पेठेत महादेव (२)" असा क्लू घातला होता, उत्तर शिव, मला फार आवडला होता. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, सदाशिव म्हणजेच महादेव की, मग दडवलं काय? बरोबर होतं त्यांचं, तुकडा मूळ शब्दाच्याच अर्थाचा असेल तर त्यात खेळ राहत नाही. त्या दिवसापासून मी क्लू लिहिला की आधी हेच तपासते.

आणि वाद झाले तर होऊ द्या. "सारात खमंग सुरुवात, चहात घालतात ती (३)" यावर आमच्याकडे दोन दिवस चालू होतं. सार या शब्दात ख घातला की साखर, हे सगळ्यांना मान्य, पण "खमंग सुरुवात" म्हणजे "खमंगची सुरुवात" असं वाचायचं का? काका म्हणाले नाही, प्रत्यय गाळला म्हणजे सोडवणाऱ्याला फसवलं. आमच्यातली कॉलेजातली मुलं म्हणाली, ची लावला तर वाक्याची चवच जाते. मी काकांच्या बाजूची आहे, फसवायचं ते वाक्याच्या चित्रात, व्याकरणात नाही.

शब्दाच्या अर्थावरून भांडण झालं तर मात्र आवाज वाढवायचा नाही, कोश काढायचा. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, जो १९३२ पासून इथे पुण्यातच छापला गेला, दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात. कोशात अर्थ असेल तर क्लू चालतो, मग तो तुम्ही कधी ऐकला नसला तरी. करी म्हणजे हत्ती हे मला असंच कळलं, आणि करी म्हणजे जुन्या कवितेतलं "करतो", हेही लक्षात ठेवा, कामाला येईल.

पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा फळ्यावर हा होता:

घाव घाली तो पंढरपूरला चालत जातो (४)

उत्तर तुम्हाला वाचता वाचताच आलं असेल. फोड लिहा.