डिफचा ब्रीदर वर घ्या, मगच गाडी पाण्यात घाला

स्नॉर्कल, मोठे टायर, लिफ्ट किट हे सगळं नंतर. पाण्यातून गाडी काढायची असेल तर आधी ॲक्सलच्या ब्रीदरला, म्हणजे आतल्या हवेला वाट देणाऱ्या टोपीला, हात घाला. डिफरन्शियलच्या (डिफ, म्हणजे ॲक्सलमधला दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) हाउसिंगवर वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी ही टोपी असते. ऑइल तापलं की आतली फुगलेली हवा तिच्यातून बाहेर पडते. टोपी चिखलाने बुजली तर तोच दाब ऑइल सीलवर (तेल अडवणाऱ्या रबरी कडीवर) येतो आणि चाकाच्या आतल्या बाजूने तेल झिरपायला लागतं.

पाण्यात उलटं घडतं. तापलेलं हाउसिंग बुडालं की आतली हवा आक्रसते. बंद हाउसिंगमधली हवा 80 अंशांवरून 30 अंशांवर आली तर दाब जवळजवळ सातव्या हिश्शाने घटतो, म्हणजे सुमारे दीड मीटर पाण्याचा जोर. मग पाणी टोपीतून किंवा सीलच्या ओठाखालून आत खेचलं जातं. तो ओठ तेल आत राखायला बनवलेला असतो, बाहेरचं पाणी रोखणं हे त्याचं मुख्य काम नाही.

उपाय सोपा आहे: टोपी काढा, तिथे नळीचं निपल (नळी चढवायची आट्यांची तोटी) बसवा आणि नळी उंच न्या. नळी इंधनाची किंवा तेलाला टिकणारी रबरी घ्या, आतला व्यास 6 ते 8 मिमी. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊ नका. ती उष्णतेने मऊ पडून वळणावर चिमटते. निपलचे आटे गाडीगणिक वेगळे असतात, म्हणून जुनी टोपी काढून सोबत न्या आणि तिच्याशी जुळवूनच घ्या. तोवर भोकाला स्वच्छ बोळा लावून ठेवा.

टोपी उघडण्याआधी भोवतालचा चिखल ब्रशने काढा, धुवा, वाळू द्या. ही पायरी टाळली तर वाळूचे कण थेट आतल्या गिअरवर, क्राउन-पिनियनवर, पडतात. आट्यांना पातळ लिक्विड सीलंट पुरे. टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून तेलात जातात. निपल हाताने बसवा, मग पान्याने थोडंच आवळा.

बहुतेकांची चूक होते ती लांबी मोजताना. ॲक्सल खाली लोंबकळतो तेव्हा नळी सर्वांत जास्त ताणली जाते. सपाट जागी चेसिस जॅकने उचला, स्टँडवर टेकवा, चाकं लटकू द्या आणि सुतळीने वाट मोजा. त्यात 15 सेंटिमीटर वाढवा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. उभ्या गाडीच्या मापाने कापलेली नळी पहिल्याच खड्ड्यात उपटून येते.

नळी चेसिसच्या आतल्या कडेने न्या, सायलेन्सरपासून निदान 10 सेंटिमीटर लांब, प्रॉपेलर शाफ्टपासून दूर. नळी बांधायचे केबल टाय हलक्या हाताने आवळा. बोटाने दाबून पाहा, नळी चपटी झालेली नको. चढ सलग ठेवा, कारण मध्ये झोळ पडला तर त्यात तेलाची वाफ आणि ओल साचून वाट बंद होते. वरचं टोक बोनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या भागात बांधा, तोंड खाली करा, त्यावर लहान फिल्टर लावा. पुढच्या आणि मागच्या डिफला, गिअरबॉक्सला, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीला) वेगवेगळी नळी द्यावी असं आमचं मत आहे. सगळ्या एकत्र जोडल्या तर एक अडथळा चारही बंद करतो.

खालचं टोक निपलवर चढवण्याआधी वरून फुंकून पाहा. खाली तळहातावर हवा लागली पाहिजे.

झिजलेल्या सीलला मात्र नळी वाचवणार नाही. म्हणून खोल पाण्यातून आल्यावर डिफचा लेव्हल प्लग (तेलाची पातळी पाहायचा बोल्ट) उघडून तेलाचा थेंब बोटांत चोळा. फिकट, दुधाळ दिसला तर पाणी गेलेलं आहे. तेल गरम असतानाच सगळं काढा, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं भरा आणि 100 किलोमीटरनंतर पुन्हा थेंब पाहा. तरीही दुधाळपणा असेल तर तेल पुन्हा बदला आणि सील उतरवून तपासा.