डाइव्ह कॉम्प्युटर कोणता घ्यावा आणि त्याच्या जोडीला काय ठेवावं

जालन्यात माझं पंप-मोटारीचं दुकान आहे. ठिबकच्या फिल्टरवरचे प्रेशर गेज रोज हातातून जातात, आणि दिवाळीनंतर समुद्र निवळला की मी मालवण, नेत्राणी नाहीतर अंदमानला डायव्हिंगला जातो. त्यामुळं आमच्या भागातली पोरं कॉम्प्युटर घ्यायच्या आधी दुकानात येऊन विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून एकदा पाण्याखाली जाऊन यायचं असेल तर काहीच विकत घेऊ नका. कोर्स करून सर्टिफिकेट घेतलंय आणि दरवर्षी समुद्रात उतरणार आहात, त्यांनी मात्र मास्कच्या पाठोपाठ कॉम्प्युटरच घ्यावा. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन अंगात मुरत जातो, आणि घाईनं वर आलं तर तोच अंगात बुडबुडे होऊन त्रास देतो. किती मुरला हे अंगाला कळत नाही. कॉम्प्युटर खोली आणि वेळ सतत मोजून त्याचा हिशेब ठेवतो आणि अजून किती मिनिटं थांबता येईल ते दाखवतो. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या छापील तक्त्यात पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. दुसऱ्या डाइव्हला आधीचा नायट्रोजन अंगात शिल्लक असतो, म्हणून वेळ आणखी घटते. हा हिशेब ज्याचा त्याचा असतो. बडीचा, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचा, कॉम्प्युटर बघून डाइव्ह करायची नाही. तो तुमच्यापेक्षा तीन मीटर वर होता की खाली, सकाळी उतरला होता की नव्हता, त्यावर त्याचा आकडा ठरलेला असतो.

दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी स्क्रीन बघा. मालवणचं पाणी कितीदा गढूळ असतं. हातभर अंतरावरून, मास्क लावून, खोली आणि उरलेली मिनिटं एका नजरेत वाचता आली पाहिजेत. चाळिशी लागलेल्यानं बारीक आकड्याचं मॉडेल घेऊच नये. मग सेल बघा. सीआर २४५० सारखा जाड बटणसेल तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. सीआर २०३२ घड्याळवाल्याकडं मिळतो आणि डबल-ए पेन्सिल सेल किराणा दुकानातही. शिअरवॉटर कंपनीच्या पर्डिक्स कॉम्प्युटरमध्ये हाच डबल-ए चालतो, म्हणून ते मला आवडतं, पण नवशिक्याला तेवढं महाग यंत्र लागत नाही. चार्जिंगचं घेतलं तर निघायच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा आणि केबल डाइव्हच्या पिशवीतच ठेवा. सिलेंडरचा दाब बिनतारी दाखवणारं महागडं मॉडेल घेतलं तरी नळीवरचा साधा प्रेशर गेज काढू नका.

पुढचा मुद्दा आपल्या भागासाठी खास आहे. आपण पठारावर राहतो. जालना पाचशे मीटरच्या आसपास, संभाजीनगर त्याहून थोडं वर. डायव्हिंगचे नेहमीचे तक्ते समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंतच धरतात; त्यापुढं पाण्यात उतरणं म्हणजे उंचीवरचं डायव्हिंग, त्याचे नियम वेगळे. नाथसागरात उतरलात तरी ते लागू होतात. म्हणून कॉम्प्युटर उंची आपोआप ओळखतो की हातानं सेटिंग करावी लागते, हे विचारून घ्या. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचं सेटिंगही हवं. नायट्रोजनचा हिशेब ब्यूलमान पद्धतीनं करणारे कॉम्प्युटर बरेच मिळतात. झुरिकचे डॉक्टर अल्बर्ट ब्यूलमान यांनी उंचावरच्या तळ्यांतल्या डायव्हिंगचा खास अभ्यास केला होता. पद्धत कोणतीही असो, सावधगिरीचं सेटिंग एक पायरी वाढवूनच वापरा. थकवा, वय, वजन, रात्रीची अपुरी झोप यातलं काहीच यंत्राला कळत नाही.

आता खोली दाखवणारा सुईवाला डेप्थ गेज. तो जोडीला ठेवायला उत्तम, कारण त्याला सेल लागत नाही. त्याच्या पोटात बहुतेक वेळा वाकवलेली पोकळ नळी असते. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ साली तिचं पेटंट घेतलं आणि आपल्या ठिबकच्या गेजमध्येही तीच असते. फरक एवढाच की ठिबकच्या गेजमध्ये पाणी नळीच्या आत शिरतं आणि बाहेर मोकळी हवा असते. तेल भरलेल्या डेप्थ गेजमध्ये नळी बंद असते आणि दाब बाहेरून येतो. त्याचं शून्य समुद्रसपाटीच्या हवेवर ठरलेलं असतं. आपल्याकडं हवेचा दाब कमी आणि पाणी गोडं, म्हणून धरणात खरी १० मीटर खोली असताना अशी सुई नऊ-सव्वानऊ मीटरच दाखवते. म्हणजे तुम्ही दिसतं त्यापेक्षा खोल असता. समुद्रात तो बरोबर चालेल, इथं त्याच्यावर विसंबू नका.

दोन्ही यंत्रं जुळतात का, ते विहिरीत तपासता येतं. पावसाळ्यानंतर चार-पाच परस पाणी असलेली विहीर बघा. न ताणणाऱ्या दोराला टेपनं मोजून ५ मीटरवर खूण करा. जाळीच्या पिशवीत एक दगड, कॉम्प्युटर आणि गेज घाला. कॉम्प्युटर बटण दाबून चालू करा, गोड्या पाण्यावर ठेवा, खूण पाण्याला लागेपर्यंत पिशवी सोडा, काही मिनिटं थांबा, वर घ्या. कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये जास्तीत जास्त खोली ५ मीटरच्या जवळ दिसली पाहिजे. गेजला कमाल खोलीची अडकती सुई असेल तर तीही वाचा, वर सांगितलेला फरक धरून. हे सगळं काठावरूनच करायचं, विहिरीत कुणी उतरायचं नाही. आणि सहलीच्या आठवडाभर आधी करा, कारण कॉम्प्युटरला ती खरीच डाइव्ह वाटते आणि तो तिचा नायट्रोजन तुमच्या खात्यात मांडतो.

जोडीला काय ठेवायचं याचे दोन मार्ग आहेत. पैसे असतील तर दुसरा कॉम्प्युटर, शक्यतो त्याच पद्धतीचा आणि त्याच सेटिंगवर. तो पहिल्या डाइव्हपासून अंगावर पाहिजे. बोटीत बॅगेत ठेवलेला कॉम्प्युटर दुसऱ्या डाइव्हला काढला तर त्याच्या हिशेबी तुम्ही आज पाण्यात गेलाच नाहीत, आणि तो खुशाल जास्त मिनिटं देतो. भाड्याचा कॉम्प्युटरही याच कारणानं शेवटच्या दिवसापर्यंत एकच घ्या, दुसऱ्याशी बदलू नका. दोन यंत्रांत फरक आला तर जे कमी वेळ देतं त्याचं ऐका. दुसरा मार्ग स्वस्त: डेप्थ गेज, पाण्यात चालणारं घड्याळ आणि प्लास्टिकवर छापलेला तक्ता. पण मग सगळ्या डाइव्ह तक्त्याच्या मर्यादेतच करायच्या. थोडा वेळ वर, उथळ पाण्यात पोहल्यामुळं कॉम्प्युटर जी जास्तीची मिनिटं देतो ती तक्त्यात बसत नाहीत.

पाण्याखाली एकच कॉम्प्युटर असताना तो बंद पडला तर बडीला खूण करा, डाइव्ह तिथंच संपवा. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगानं वर येऊ नका. स्वतःच्या लहान बुडबुड्यांच्या मागं राहा. ५ मीटरवर किमान तीन मिनिटं थांबा, हवा भरपूर असेल तर जास्त. मग २४ तास पाण्यात उतरायचं नाही. पैसे भरलेत म्हणून दुपारची डाइव्ह करू नका. बोटवाल्यानं आग्रह केला तरी नाही.

सेल स्वतः बदलत असाल तर ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कडीवर, केस किंवा वाळूचा कण राहता कामा नये. सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट फिरवायचं. आपल्या दुकानातलं मोटारीचं ग्रीस मुळीच नाही, त्यानं काही जातीचं रबर फुगतं. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, आणि गाडीच्या काचेमागं उन्हात टाकू नका.

परतीचा घाट सगळे विसरतात. सकाळी डाइव्ह, दुपारी जेवण आणि लगेच गाडी आंबोलीला, असा बेत आमच्याकडं सर्रास असतो. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचे विमानप्रवासाचे नियम सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीच्या दाबाला लागू होतात: एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास थांबायचं, एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर १८. कॉम्प्युटरवर ‘अजून विमानात बसू नका’ सांगणारं विमानाचं चिन्ह दिसत असेल तोवर घाटही चढायचा नाही, असं मी माझ्याबरोबरच्या सगळ्यांना सांगतो, आणि चिन्ह लवकर गेलं तरी १८ तास पाळायला लावतो. शेवटची डाइव्ह सकाळी उरका, दुपार सिंधुदुर्ग किल्ल्याला द्या, रात्री मालवणातच झोपा, आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून गाडी घाटाला लावा.