उघड्या टपाची जुनी अमेरिकन गाडी: जन्मनोंद कशी शोधावी आणि दुर्मिळता कशी मोजावी

‘अशा गाड्या अख्ख्या देशात दोनच आहेत,’ हे वाक्य जुन्या अमेरिकन कन्व्हर्टिबलच्या, म्हणजे दुमडत्या टपाच्या गाडीच्या, जवळजवळ प्रत्येक मालकाकडून ऐकायला मिळते, आणि ते खोटेच असते असे नाही. मात्र ‘अशा’ म्हणजे नेमक्या कशा, आणि त्या ‘दोन’ कोणी व कशा मोजल्या, या दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी नसतील, तर त्या वाक्यावर विसंबून गाडीची किंमतही ठरवू नये आणि डागडुजीचा खर्चही काढू नये. पुण्यात गेली अनेक वर्षे मित्रांच्या आणि परिचितांच्या गाड्या तपासताना ही उत्तरे शोधण्याची जी पद्धत माझ्या हाताला बसली, ती इथे सांगतो.

सुरुवात नेहमी गाडीपासून करावी, कागदापासून नव्हे. नोंदणी पुस्तकात कोणीतरी ऐकून लिहिलेले असते, तर कारखान्याने गाडीवर ठोकलेली पट्टी त्या गाडीच्या जन्माच्या वेळी तिथे हजर होती. बहुतेक अमेरिकन गाड्यांवर अशा किमान दोन पट्ट्या असतात: एकीवर गाडीचा अनुक्रमांक, म्हणजे ज्याला आपण सर्रास चेसिस नंबर म्हणतो तो, आणि दुसरीवर बॉडीचा प्रकार, आतल्या गादीचे कापड आणि रंग यांचे संकेतांक. जनरल मोटर्सच्या गाड्यांची बॉडी फिशर बॉडी हा विभाग बनवत असे आणि त्यांची पट्टी बहुधा इंजिनाच्या मागच्या उभ्या पत्र्यावर सापडते. फोर्डची पट्टी दरवाजावर, तर क्रायस्लर गटाच्या साठ-सत्तरच्या दशकांतील गाड्यांची डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर असते.

दोन पट्ट्या वाचायच्या असतात, एक वाचून भागत नाही. हे का, ते एका गाडीवरून सांगतो. प्रभात रस्त्यावरील एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये १९५७ सालच्या मॉडेलची शेव्हरोले बेल एअर उभी होती, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, फिकट निळी, टप उघडा. मालक काकांनी ती पंचवीस वर्षांपूर्वी ‘मूळची कन्व्हर्टिबल’ म्हणून घेतली होती. दरवाजाच्या खांबावरील अनुक्रमांकाची सुरुवात ‘व्हीसी५७’ अशी होती: ‘व्ही’ म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन, ‘सी’ म्हणजे बेल एअर, आणि ५७ हे मॉडेल वर्ष. त्यापुढचे अक्षर कारखान्याचे, ‘एफ’ असेल तर फ्लिंट आणि ‘एस’ असेल तर सेंट लुईस. काकांना हे सगळे पाठ होते आणि ते बरोबरही होते. अडचण अशी की त्या वर्षीच्या शेव्हरोलेच्या अनुक्रमांकात बॉडीचा प्रकार येतच नाही. बेल एअरची चार दरवाजांची सेडान आणि तिचीच कन्व्हर्टिबल, दोन्हींची सुरुवात सारखीच असते.

शेव्हरोले ही जनरल मोटर्सचीच, म्हणून मग फिशरची पट्टी शोधली. तिच्यावर रंगाचे तीन तरी थर होते. अशा वेळी पॉलिशपेपर हातात घेण्याचा मोह होतो; तो कटाक्षाने टाळावा, कारण पट्टी घासली गेली की अंकांच्या कडा जातात आणि तपासणाऱ्याला ती पुढे कायम संशयास्पद वाटते. रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस पट्टीवर धरून ठेवला, जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासले, आणि विजेरीचा प्रकाश समोरून न टाकता बाजूने, अगदी पत्र्याला टेकवून टाकला. सावल्या पडल्या आणि अंक वर आले: ५७-१०३७डी. कन्व्हर्टिबलचा संकेतांक ५७-१०६७डी असतो. एका अंकाचा फरक, पण १०३७डी म्हणजे दोन दरवाजांची स्पोर्ट कूप, पक्क्या पत्र्याच्या टपाची.

एका पट्टीवर निकाल देऊ नये, म्हणून गाडीखाली उतरलो. टप नसलेल्या बॉडीला पीळ बसू नये यासाठी कारखाना कन्व्हर्टिबलच्या चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, मधोमध एक्सच्या आकाराची जोडणी देत असे. त्या शेव्हरोलेच्या सेडान आणि कूपच्या चेसिसला ती नसते. काकांच्या गाडीखाली ती नव्हती. त्याऐवजी दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल वेल्डिंग केलेले होते, आणि त्या वेल्डिंगचे ओबडधोबड काम कोणत्याही कारखान्यातले नव्हते. लग्नाच्या वरातीसाठी आणि मिरवणुकांसाठी टप कापलेल्या गाड्या आपल्याकडे किती होत्या, हे जुन्या मिस्त्रींना विचारावे. काका बराच वेळ बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मला त्या क्षणी फार वाईट वाटले. पण विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट आणखी पंचवीस वर्षे जपण्यापेक्षा हे कळलेले बरे, असे मी त्यांना सांगितले आणि आजही मला तसेच वाटते.

सगळ्याच कंपन्यांचे अनुक्रमांक इतके मोघम नाहीत. सतरा अक्षरांचा एकसारखा क्रमांक १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येकाची रीत निराळी होती, म्हणून एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावू नये. १९६५ च्या फोर्ड मस्टँगवर ‘५एफ०८’ अशी सुरुवात दिसली तर पाच म्हणजे १९६५, ‘एफ’ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना आणि ०८ म्हणजेच कन्व्हर्टिबल. त्यापुढचे अक्षर इंजिनाचे. हाच क्रमांक डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावरही ठोकलेला असतो आणि दरवाजावरील पट्टीशी तो जुळलाच पाहिजे, कारण दरवाजा बदलता येतो. क्रायस्लर गटाच्या प्लिमथमध्ये तर क्रमांक जवळजवळ पूर्ण वाक्य बोलतो: १९७१ च्या ‘बीएस२७आर१बी’ मध्ये ‘बी’ म्हणजे बॅराकुडा, २७ म्हणजे कन्व्हर्टिबल, ‘आर’ म्हणजे ४२६ घनइंचांचे हेमी इंजिन, त्यापुढचा १ म्हणजे १९७१ आणि शेवटचा ‘बी’ म्हणजे हॅमट्रॅम्कचा कारखाना.

क्रमांक वाचला की इंजिनाकडे वळावे. ओतीव ब्लॉकवर ओतकामाची तारीख उमटलेली असते. जनरल मोटर्समध्ये आधी महिन्याचे अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. फोर्डमध्ये आधी वर्षाचा अंक, मग महिन्याचे अक्षर, मग दिवस, आणि फोर्ड ‘आय’ हे अक्षर गाळते, म्हणून सप्टेंबर ‘जे’ वर जातो. ओतकामाची तारीख गाडीच्या बांधणीच्या तारखेआधीची असली पाहिजे, साधारण काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत. ती नंतरची असेल तर इंजिन बदललेले आहे, मग त्यावरचा ठोकलेला क्रमांक कितीही जुळत असो. नाना पेठेतून किंवा मुंबईहून दुसरे इंजिन आणून बसवणे ही आपल्याकडची गरज होती, त्यात लपवण्यासारखे काही नाही. फक्त ते तसे लिहून ठेवावे.

यानंतर कारखान्याच्या नोंदी. इथे बरीच मंडळी निराश होतात, कारण प्रत्येक गाडीची स्वतंत्र नोंद सर्वांसाठी उरलेली नाही. फोर्डच्या १९६७ पासूनच्या मॉडेलांची उत्पादन-नोंद केव्हिन मार्टी यांच्या मार्टी ऑटो वर्क्सकडे परवान्याने आहे, आणि अनुक्रमांक दिला की त्या गाडीवर कारखान्यात काय काय बसवले होते आणि तसा जोड आणखी किती गाड्यांत होता, याचा अहवाल मिळतो. पाँटियॅकच्या १९६१ ते १९८६ च्या नोंदी पाँटियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे आहेत. याउलट १९५७ च्या शेव्हरोलेसाठी अशी गाडीनिहाय नोंद मागून मिळत नाही. जनरल मोटर्सच्या संग्रहातून त्या मॉडेल वर्षाची तांत्रिक माहिती मिळते, तुमच्या गाडीची नव्हे. म्हणूनच त्या काळातील शेव्हरोलेची पट्टी हाच तिचा जन्मदाखला. कंपनीची माहितीपत्रके आणि विक्रेत्यांसाठीची पुस्तके पाहायची असल्यास डेट्रॉइट सार्वजनिक ग्रंथालयातील राष्ट्रीय मोटार इतिहास संग्रह आणि पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथील अमेरिकेच्या जुन्या मोटारींच्या क्लबचे ग्रंथालय, या दोन जागा पत्राला उत्तर देण्याइतक्या व्यवस्थित आहेत. पत्रात अनुक्रमांकासोबत पट्टीचे सरळ छायाचित्र जोडावे. नुसते ‘माझ्याकडे १९५७ ची गाडी आहे’ असे लिहिल्यास तेवढेच मोघम उत्तर येते.

उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटिश साम्राज्यातील देशांत कॅनडाच्या मालाला जकातीची सवलत असल्याने आपल्याकडे आलेल्या कित्येक अमेरिकन नावाच्या गाड्या प्रत्यक्षात कॅनडात बनलेल्या आहेत, आणि त्यांची मोजणी अमेरिकेच्या आकड्यांत शोधून सापडणार नाही. शिवाय जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जोडल्या, आणि पुढे प्रीमियरने कुर्ल्याला प्लिमथ व डॉज जोडल्या. अशा गाडीवर इथल्या जोडणीची पट्टी दिसली तर ती बनावट समजून काढून टाकू नये. ती गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे.

आता दुर्मिळता. आकडा सांगताना तो कशाचा आहे, हे प्रत्येक वेळी सांगावे: मॉडेल वर्षाचा की कॅलेंडर वर्षाचा, एका बॉडीचा की संपूर्ण मालिकेचा, बनलेल्या गाड्यांचा की आज उरलेल्यांचा. अमेरिकेत नवे मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत येत असे, त्यामुळे १९५६ च्या नोव्हेंबरात बनलेली गाडी १९५७ चीच मोजली जाते. अनुक्रमांकाच्या शेवटच्या अंकांवरून ‘ही दोनशेवी कन्व्हर्टिबल’ असे म्हणणेही चुकीचे आहे, कारण तो क्रम त्या कारखान्यात एकामागून एक बनलेल्या निरनिराळ्या बॉडींच्या गाड्यांना मिळून दिलेला असे.

काही आकडे खरोखरच लहान आहेत. १९५३ साली ओल्ड्समोबिलने फिएस्टा ही कन्व्हर्टिबल फक्त ४५८ बनवली, कॅडिलॅकने एल्डोराडो ५३२, पॅकार्डने कॅरिबियन ७५०, आणि ब्यूकने स्कायलार्क १,६९०. १९५९ मध्ये कॅडिलॅकची साधी सिरीज ६२ कन्व्हर्टिबल ११,१३० बनली आणि तिचीच थाटाची बहीण एल्डोराडो बियारिट्झ १,३२०. दोघींचे उंच शेपटीचे पंख दुरून सारखे दिसतात, म्हणून पट्टी न वाचता ‘बियारिट्झ’ म्हणणे म्हणजे आठपट दुर्मिळता फुकट लावून घेणे. १९७१ ची हेमी इंजिनाची कुडा (प्लिमथ बॅराकुडाचीच वेगवान आवृत्ती) कन्व्हर्टिबल तर अवघी ११ बनली, त्यामुळे अशी गाडी कोणी दाखवली तर आधी ती त्या अकरांपैकी कोणती, हे विचारावे.

दुसऱ्या प्रकारची दुर्मिळता मोठ्या आकड्याच्या पोटात असते. १९६५ मॉडेलच्या मस्टँग कन्व्हर्टिबल एकूण १,०१,९४५ बनल्या, म्हणजे गाडी म्हणून ती अजिबात दुर्मिळ नाही. पण दरवाजाच्या पट्टीवर नेहमीच्या ७६ए ऐवजी ७६सी असेल तर ती पुढे एकसलग बाक असलेली, आणि तशा फक्त २,१११ बनल्या. अर्थात कमी संख्येला जास्त मागणी असतेच असे नाही. त्या काळी लोकांनी बाक नको म्हटले, म्हणूनच तो आकडा लहान राहिला. तिसरा प्रकार निव्वळ गाजावाजाचा. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ‘अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल’ म्हणून विकली गेली, लोकांनी ती न चालवता झाकून ठेवली; पण त्या वर्षी त्या १४,००० बनल्या होत्या आणि सहा वर्षांत क्रायस्लरने कन्व्हर्टिबल पुन्हा बाजारात आणली.

शेवटी आपल्याकडचे कागद. जुन्या नोंदणी पुस्तकातील बॉडीच्या प्रकाराची ओळ, पहिल्या नोंदणीची तारीख आणि आधीच्या मालकांची क्रमवार नावे यांची स्वच्छ प्रत काढावी, आणि असल्यास कस्टम्सची पावती जपावी. उत्पादन वर्षाच्या जागी पहिल्या नोंदणीचे वर्ष लिहिलेले असणे ही नेहमीची चूक आहे, ती पट्टीशी ताडून पाहावी. घरातले जुने लग्नाचे आणि सहलीचे अल्बमही उघडावेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी नेण्याआधी अनुक्रमांकाचा पेन्सिलने कागदावर काढलेला ठसा, दोन्ही पट्ट्यांची छायाचित्रे आणि इंजिनावरील तारखेची टीप एका फाइलमध्ये लावून ठेवावी.

काकांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आता ‘शेव्हरोले बेल एअर स्पोर्ट कूप, मॉडेल १९५७, टप नंतर कापलेला’ असे लिहिले आहे. आधीच्या मालकाच्या घरून मिळालेल्या एका छायाचित्रात तीच गाडी पत्र्याच्या टपासह बंड गार्डनपाशी उभी दिसते, आणि काका सध्या भंगारातल्या एखाद्या स्पोर्ट कूपच्या टपाच्या शोधात आहेत.