हायलँड गेम्समध्ये उतरताय, स्कॉटिश संस्था चालवताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की अमेरिका-कॅनडात कुठे ना कुठे हायलँड गेम्स, म्हणजे ओंडकाफेकीसारखे ताकदीचे खेळ, नाच आणि बॅगपाइपवादनाचे मेळावे, असतातच. मूळ परंपरा स्कॉटलंडची. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रेमारला भरणारा मेळावा म्हणजे या खेळांची पंढरीच. राणी व्हिक्टोरिया १८४८ मध्ये तिथे आली आणि तेव्हापासून राजघराण्याचं त्या मेळाव्याशी नातं जुळलं. पण अटलांटिकच्या अलीकडेही ही परंपरा चांगली मुरली आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा कॅलेडोनियन क्लब १८६६ चा. ऑन्टारियोत मॅक्सव्हिलचे ग्लेनगॅरी गेम्स १९४८ पासूनचे. आणि नॉर्थ कॅरोलायनात ग्रँडफादर माउंटनच्या कुरणावर १९५६ मध्ये, ब्रेमारचाच नमुना समोर ठेवून, सुरू झालेले गेम्स आज देशातल्या नावाजलेल्या गेम्सपैकी आहेत.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्याच एका छोट्या स्कॉटिश संस्थेत स्वयंसेविका आहे. अलीकडे या मैदानांवर मराठी घरंही दिसतात. कुणाची मुलगी हायलँड डान्स शिकते, कुणाचा मुलगा शाळेच्या पाइप बँडमध्ये आहे, कुणी लग्नामुळे स्कॉटिश घराशी जोडलं गेलंय. हौसेने येतात, मदतीला उभे राहतात आणि बहुतेक वेळा एकाच जागी ठेचकाळतात. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. किल्ट (चुण्यांचा स्कॉटिश घागरा), पाइप, ओंडका हे सगळं बघायला सोपं वाटतं, पण प्रत्येकामागे काटेकोर नियम आहेत आणि ते विचारल्याशिवाय कळत नाहीत.

केबर लांब फेकायचा नसतो

हेवी अ‍ॅथलेटिक्समधला, म्हणजे अवजड वस्तू फेकण्याच्या खेळांमधला, सगळ्यात मोठा गैरसमज हाच. केबर म्हणजे सोललेल्या झाडाचा लांब ओंडका. ब्रेमारचा केबर सुमारे २० फूट लांब आणि ६० किलो वजनाचा आहे. तो किती दूर गेला हे कुणी मोजत नाही. जाड टोक जमिनीवर आपटून ओंडका पलटला पाहिजे आणि निमुळतं टोक खेळाडूच्या धावेच्या रेषेत, सरळ समोर पडलं पाहिजे. पंच घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुण देतात. बरोबर बारावर पडला तर उत्तम. अकरावर किंवा एकवर पडला तर कमी.

नवखा खेळाडू चुकतो तो घाईमुळे. सहायक ओंडका उभा करून देतात. तो खांद्याला टेकवून खाली वाकायचं, बोटं एकमेकांत गुंतवून निमुळत्या टोकाखाली घालायची आणि उचलायचं. इथे दोन क्षण थांबावं लागतं, कारण वर २० फुटांवर जाड टोक डुलत असतं आणि ते स्थिर झाल्याशिवाय धावायला लागलात तर ओंडका तुम्हाला धावडवतो. धावताना वेग महत्त्वाचा नाही, एकदम थांबणं महत्त्वाचं. पाय थांबले की वरचं टोक पुढे झुकतं, आणि ते झुकल्यावरच हात जोरात वर ओढायचे. बहुतेक जण त्याआधीच ओढतात, मग ओंडका पलटायच्या ऐवजी उभाच्या उभा खाली येतो किंवा बाजूला कलंडतो. तोल गेलाच तर सावरायच्या फंदात पडू नका. हात काढून घ्या, नजर ओंडक्यावर ठेवा आणि बाजूला व्हा. पाठ फिरवून पळू नका.

आयोजकांची चूक वेगळी असते. प्रेक्षकांना भव्य दिसावा म्हणून नवख्यांच्या गटालाही अवजड केबर देतात आणि मग त्या गटात एकालाही तो पलटवता येत नाही. लोक कंटाळतात, खेळाडू हिरमुसतात. शिवाय नुकतंच तोडलेलं ओलं लाकूड वाळलेल्यापेक्षा बरंच जड असतं आणि रात्रभर पावसात भिजलेला केबरही तसाच. म्हणून गेम्सच्या आदल्या आठवड्यात वजन करा आणि ताडपत्रीखाली ठेवा.

हॅमरमध्ये कॉलेजात ऑलिम्पिक पद्धतीचा हातोडा फेकलेले लोक हमखास अडकतात, कारण सवयीने गिरकी घेतात. इथे पाय जागेवरच रोवलेले हवेत. हातोडा डोक्याभोवती फिरवायचा आणि पाठीमागे सोडायचा. पुरुषांसाठी हलका १६ पौंडांचा, जड २२ पौंडांचा. बुटांच्या पुढे पाती बसवून ती जमिनीत रोवतात, त्याशिवाय शरीर ओढलं जातं. गोळ्याचेही दोन प्रकार आहेत. ओपन स्टोनला धाव घेता येते, ब्रेमार स्टोन मात्र जागेवर उभं राहून फेकायचा आणि तो जडही असतो. २८ आणि ५६ पौंडांची वजनं एका हाताने फेकायची असतात. दुसरा हात लावलात तर प्रयत्न बाद.

आणि हो, किल्ट लागतोच. जिमची चड्डी घालून आलेल्याला परत पाठवताना वाईट वाटतं. बहुतेक ठिकाणी अनुभवी खेळाडू जास्तीचा किल्ट बाळगून असतात, आधी विचारलंत तर नक्की मिळतो.

नाच आणि पाइप

हायलँड डान्सच्या स्पर्धा रॉयल स्कॉटिश ऑफिशियल बोर्ड ऑफ हायलँड डान्सिंगच्या नियमांनी होतात. लहानग्यांचा प्रायमरी, मग बिगिनर, नॉव्हिस, इंटरमीजिएट आणि प्रीमियर अशा पायऱ्या आहेत. पालक नेमके इथेच चुकतात. मुलीची नोंदणी दरवर्षी नवी करायची असते हे विसरतात किंवा ती कुठल्या गटात आहे हे स्वतःच ठरवतात. ते तिच्या शिक्षिकेला विचारा. तलवारींच्या नाचात पाय तलवारीला लागला तर गुण जातात, तलवार जागेवरून हलली तर स्पर्धकच बाद. लहान मुलं त्यानंतर रडतात, म्हणून हा नियम आधीच नीट समजावून सांगावा. आयोजकांनी लाकडी मंच सपाट आणि कोरडा ठेवावा. ओल्या मंचावर घोटा मुरगळायला एक उडी पुरते.

पाइपवाल्यांची नेहमीची तक्रार एकच: 'आत्ता तर सूर लागला होता!' सावलीत झाडाखाली सूर लावायचा आणि भर उन्हात जाऊन वाजवायचं, मग चॅन्टरचा (बोटांनी वाजवायच्या नळीचा) सूर वर चढणारच. तो चढला की ड्रोनशी (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्यांशी) मेळ बिघडतो. जिथे वाजवायचंय तशाच उन्हात शेवटची जुळवाजुळव करा. आयोजकांनीही सरावाची जागा आणि स्पर्धेची जागा यांत फार अंतर ठेवू नये.

जुना पाइप घेऊन सीमा ओलांडणार असाल तर त्याच्या कड्या कशाच्या आहेत ते पाहा. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत असतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशरच्या दोन किशोरवयीन पायपरांचे पाइप कॅनडाहून परतताना सीमेवर याच कारणाने जप्त झाले होते. हस्तिदंताच्या वाद्याला साइट्स कराराचं (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) प्रमाणपत्र लागतं आणि ते ठरवून दिलेल्या प्रवेशद्वारांवरूनच न्यावं लागतं. आफ्रिकन ब्लॅकवुडच्या लाकडावर २०१७ पासून निर्बंध आले होते, त्यातून तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. हस्तिदंताला ती नाही.

किल्ट, टार्टन आणि बिल्ला

चुण्या मागे, सपाट भाग पुढे. तरीही दरवर्षी कुणीतरी उलटा किल्ट घालून येतो. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांतून टोचली तर कापड ताणलं जाऊन फाटतं, आणि चांगल्या लोकरीचा किल्ट म्हणजे काही थोडका खर्च नाही.

टार्टन म्हणजे किल्टच्या कापडावरची रंगीत चौकटींची नक्षी. त्याबद्दल लोक उगाच धास्तावतात. 'माझं आडनाव कुलकर्णी, मी कुठला घालू?' असं मला बऱ्याचदा विचारतात. कायद्याने जवळपास कुठलाही टार्टन कुणालाही घालता येतो. राजघराण्याने स्वतःकडे राखून ठेवलेला बाल्मोरल टार्टन मात्र सोडा. ब्लॅक वॉच (एका लष्करी पलटणीचा) किंवा एखाद्या जिल्ह्याचा टार्टन घेतलात तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. १७४६ च्या कायद्याने सामान्य हायलँडर पुरुषांच्या या पोशाखावर बंदी आली होती, ती १७८२ मध्ये उठली. आज आपण ज्यांना अमुक क्लॅनचा (कुळाचा) टार्टन म्हणतो त्यांतले कितीतरी त्यानंतरचे, चौथ्या जॉर्जच्या १८२२ च्या एडिंबरा भेटीच्या सुमाराचे आहेत. गेम्समध्ये संस्थेच्या तंबूत बसून 'हा हजार वर्षांपूर्वीचा' असं सांगू नका. खरा इतिहास पुरेसा हृदयस्पर्शी आहे.

बिल्ल्याबाबत मात्र संस्था गंभीर चुका करतात. स्कॉटिश कायद्यात कुलचिन्ह एका व्यक्तीचं असतं, आडनावाचं नसतं. त्यामुळे कुलप्रमुखाची पूर्ण ढाल आपल्या बॅनरवर, टी-शर्टवर छापणं म्हणजे दुसऱ्याची सही वापरणं आहे. क्लॅनच्या सदस्याने प्रमुखाचं शिरचिन्ह (ढालीच्या वरचं चिन्ह) पट्टा आणि बकल यांच्या वर्तुळात घालावं, तो त्याचा हक्काचा बिल्ला. टोपीत पिसं खोचण्याआधीही थांबा. तीन पिसं क्लॅनच्या प्रमुखाची, दोन शाखेच्या प्रमुखाची आणि एक ज्याच्या नावावर कुलचिन्ह आहे त्याचं. हे सगळं लॉर्ड लायनच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या, अखत्यारीत येतं. त्यांचा अधिकार अमेरिकेत चालत नाही हे खरं, पण वारसा जपायचा म्हणून स्थापन झालेल्या संस्थेनेच हे नियम धाब्यावर बसवावेत हे मला सहन होत नाही.

तंबू

संस्थेचा जीव तंबूत असतो. माणसं केबर बघायला येतात खरी, पण कितीजण हळूच क्लॅनच्या तंबूंच्या रांगेकडे वळतात, आपलं आडनाव शोधत. आमच्या तंबूत एकदा एक आजी आल्या. पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेली एका मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काढली आणि आडनावावर बोट ठेवून म्हणाल्या, 'मी कुणाची?' शेजारच्या तंबूत त्यांना एका झटक्यात क्लॅन सांगून सभासदत्वाचा अर्ज पुढे केला होता. तो अर्ज कोराच घडी घालून त्यांनी आमच्याकडे आणला होता.

चूक इथेच होते. आडनाव जुळलं म्हणजे क्लॅन जुळला असं नसतं. एकच आडनाव अनेक भागांत स्वतंत्रपणे आलेलं असतं, कुळाच्या आश्रयाने राहणाऱ्यांनी प्रमुखाचं नाव घेतलेलं असतं, स्मिथसारखी नावं तर धंद्यावरून पडलेली. आधी गाव विचारा. स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली, त्याआधीचं पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) वह्यांत पाहावं लागतं. स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळावर दोन्ही मिळतात. आजींच्या दाखल्यावर पॅरिशचं नाव होतं. आम्ही ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलं, पुढे कुठे शोधायचं तेही लिहिलं. उत्तर त्या दिवशी मिळालं नाही, आणि तसं स्पष्ट सांगितलं.

कुलप्रमुख पाहुणे म्हणून येणार असतील तर त्यांना मिस्टर अमुक म्हणू नका. कॅमेरॉन कुळाच्या प्रमुखाला 'लोकिएल' म्हणतात, म्हणजे त्यांच्या जागेच्या नावाने. आधी विचारून घ्या.

बाकी तंबूचं सांगायचं तर प्रत्येक पायाला १५-२० किलो वजन बांधा, डोंगरावरचा वारा खुंट्यांना जुमानत नाही. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. हॅगिस (मेंढीच्या हृदय, यकृत, फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ) विकायचा असेल तर पारंपरिक प्रकारचा स्कॉटलंडहून मागवण्याचा विचार सोडा. मेंढीची फुप्फुसं असलेलं अन्न अमेरिकेत १९७१ पासून चालत नाही. फुप्फुसांशिवाय इथेच बनवलेला घ्या.

कागद

इथे संस्था बुडतात, आणि हे मराठी मंडळांनाही जसंच्या तसं लागू आहे, कारण अमेरिकेत दोन्ही बहुधा ५०१ (सी)(३) या करमाफ संस्थांच्या कलमाखालीच असतात. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर फॉर्म ९९०-एन, म्हणजे दरवर्षीचं छोटं विवरण, ऑनलाइन भरायचा असतो. कॅलेंडर वर्ष धरणाऱ्यांना मुदत १५ मेची. फॉर्म इतका छोटा की कुणी मनावर घेत नाही. सलग तीन वर्षं भरला नाही की करमाफी आपोआप रद्द होते, आणि परत मिळवायला नव्याने अर्ज आणि शुल्क. मग देणगीदारांना काय सांगणार?

याचं मूळ बहुतेक वेळा पत्त्यात असतं. संस्थेचा पत्ता म्हणजे खजिनदाराचं घर. खजिनदार बदलतो, गाव सोडतो, आयआरएसची (अमेरिकेच्या करखात्याची) पत्रं जुन्या घरी पडून राहतात. जबाबदार व्यक्ती बदलली की ६० दिवसांत फॉर्म ८८२२-बी भरावा लागतो. पोस्टात संस्थेच्या नावाची पेटी घेतली तर पत्रांचा प्रश्न कायमचा मिटतो. बँकेत एकट्याची सही ठेवू नका. लॉटरी किंवा व्हिस्कीची सोडत काढायची असेल तर राज्याचा नियम आधी वाचा, कारण तो राज्याराज्यांत वेगळा आहे.

निवडणूक झाली की जुन्या आणि नव्या खजिनदाराने एकत्र बसून ९९०-एनचा लॉग-इन उघडून पाहावा. तो चालला, बँकेच्या सह्या बदलल्या, ८८२२-बी टपालात पडला, की मगच जुन्याने वह्या हातात द्याव्यात.